न सापडणे आणि नसणे

माझा धंदा मोटार रिवाइंडिंगचा. गेली तीस वर्षे अमरावतीत जळालेल्या मोटारी उघडतो, काळी पडलेली तांब्याची तार काढतो आणि नवी भरतो. शिक्षण आयटीआयपर्यंतचे. भौतिकशास्त्र मी कुठल्या वर्गात बसून शिकलो नाही. विश्वकोशातल्या नोंदी, रद्दीच्या दुकानात मिळालेली पाठ्यपुस्तके आणि शब्दकोश शेजारी ठेवून वाचलेले इंग्रजी शोधनिबंध, एवढीच माझी शाळा. हे आधी सांगून टाकतो, कारण ज्या संशोधनाविषयी लिहिणार आहे ते मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत झालेले आहे, आणि तिथवर मी पोचलो तो अकोल्याच्या एका एमआरआय केंद्रातून.

२०१७चा मे महिना होता. माय अकोल्याला बहिणीकडे राहायला गेली होती आणि तिथेच तिची कंबर धरली. डॉक्टरांनी एमआरआय करायला सांगितला. बाहेर पारा पंचेचाळीसच्या पुढे, रस्त्यावरचे डांबर चपलेला चिकटत होते, आणि आत त्या खोलीत हुडहुडी भरावी असा गारवा. यंत्र अजून सुरू व्हायचे होते, तरी आतून एकसारखा चिक्‌-चिक्‌ असा आवाज येत होता. माय म्हणाली, "मशीनीत चिमनी बसली काय रे?"

तंत्रज्ञ तरुण मुलगा होता. हसून म्हणाला, "आजी, ते थंड ठेवायचं यंत्र हाय. रात्री पण चालूच राहते." मी धंद्याच्या सवयीने विचारले, रात्री कोणाला तपासायचे नसते तेव्हा चुंबक बंद करत असाल ना? तो म्हणाला, "नाही काका, चुंबक कधीच बंद होत नाही. मशीन बसवलं तेव्हा एकदा करंट भरला, तो तसाच फिरून राहिला."

"आणि लाइट गेली तर?"

"गेली तरी. त्याले बाहेरून करंट लागतच नाही."

मी गप्प बसलो. तारेच्या वेटोळ्यात एकदा प्रवाह सोडायचा, मग वीज तोडून टाकायची आणि तो प्रवाह वर्षानुवर्षे फिरत राहणार, हे दुसऱ्या कोणी सांगितले असते तर मी त्याला दुकानाबाहेर काढला असता. तार म्हटली की रोध आला, रोध आला की उष्णता आली, आणि उष्णता आली की माझ्याकडे गिऱ्हाईक आले. माझे घर त्या रोधावर चाललेले आहे.

दोन दिवसांनी रिपोर्ट आला. वयानुसार व्हायचे ते बदल, बाकी काही निघाले नाही. मी मायला सांगितले, काळजीचे कारण नाही. ती पलंगावर कूस बदलत म्हणाली, "मशीनीले दिसलं नाही म्हून दुखत नाही का मले?"

त्या प्रश्नाला तेव्हा माझ्याकडे उत्तर नव्हते. तो प्रश्न मात्र डोक्यात राहिला, आणि पुढे बिस्मथ नावाच्या धातूची गोष्ट वाचताना पुन्हा समोर आला.

*

आधी त्या न थांबणाऱ्या प्रवाहाविषयी. तांब्याचा रोध तापमानाबरोबर बदलतो. दर अंश सेल्सिअसला साधारण ०.४ टक्के. म्हणून मेमधली मोटार डिसेंबरमधल्या मोटारीपेक्षा लवकर जळते. धातू थंड करत गेले की रोध कमी होत जातो, हे एकोणिसाव्या शतकातच माहीत होते. तो कुठवर कमी होईल, याबद्दल मात्र मतभेद होते. हॉलंडमधल्या लायडेन इथे हाइके कामरलिंग ओनेस यांनी १९०८ मध्ये हेलियमचा द्रव केला आणि या वादाचा निकाल लावण्याची सोय झाली. ८ एप्रिल १९११ रोजी त्यांच्या प्रयोगशाळेत पाऱ्याचा रोध मोजत असताना ४.२ केल्विनच्या आसपास, म्हणजे उणे २६९ अंश सेल्सिअसला, तो एकदम दिसेनासा झाला. आधी त्यांना वाटले, कुठेतरी शॉर्ट झाले असावे. त्यांच्या जागी मलाही तेच वाटले असते. तारा तपासल्या, पुन्हा मोजले. शॉर्ट नव्हते. रोधच उरला नव्हता.

कमी असणे आणि शून्य असणे यातला फरक इथे महत्त्वाचा आहे. रोध कितीही कमी असला तरी वेटोळ्यातला प्रवाह हळूहळू मरतोच. १९६३ मध्ये फाइल आणि मिल्स या दोघांनी अतिसंवाहक वेटोळ्यातला प्रवाह किती मंद गतीने घटतो ते मोजले आणि हिशेब मांडला, की तो मरायला निदान एक लाख वर्षे लागतील. अकोल्याच्या त्या यंत्रात नायोबियम आणि टायटॅनियम यांच्या मिश्रधातूची तार द्रव हेलियमच्या थंडाव्यात ठेवलेली असते. तिच्यातला प्रवाह साधारण दीड टेस्लाचे चुंबकीय क्षेत्र धरून ठेवतो. पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या ते तीस-पस्तीस हजार पट झाले. चिमणीचा आवाज होता तो हेलियम थंड राखणाऱ्या पंपाचा.

शून्य रोध ही अतिसंवाहकाची एक खूण. दुसरी खूण १९३३ मध्ये माइसनर आणि ओक्सेनफेल्ड यांना सापडली: धातू अतिसंवाहक झाला की आपल्या अंगातले चुंबकीय क्षेत्र बाहेर ढकलतो. ही खूण अधिक पक्की मानतात, कारण साधा शॉर्ट तिची नक्कल करू शकत नाही.

*

रोध नाहीसा का होतो? याचे उत्तर मिळायला १९५७ साल उजाडले. बार्डीन, कूपर आणि श्रीफर यांनी मांडलेला हा सिद्धांत त्यांच्या आद्याक्षरांवरून बीसीएस म्हणून ओळखला जातो. तो मला समजला आपल्या काळ्या मातीमुळे.

पावसाळ्यात वऱ्हाडातल्या पांदण रस्त्याने बैलगाडी गेली की मागे चाकोरी पडते. गाडी निघून गेली तरी चाकोरी राहते. मागून येणाऱ्या गाडीचे चाक आपसूक तीत उतरते आणि दुसरी गाडी पहिलीच्या मार्गाने जाऊ लागते. दोन्ही गाडीवानांची ओळख नाही, पण मातीने त्यांना जोडले. धातूतही असेच घडते. इलेक्ट्रॉन ऋणभारित, एकमेकांना दूर लोटणारे. पण एक इलेक्ट्रॉन अणूंच्या जाळीतून गेला की भोवतीचे धनभारित अणू किंचित आत ओढले जातात. इलेक्ट्रॉन पुढे निघून जातो, अणू मात्र जड आणि आळशी. त्यांना जागेवर परतायला वेळ लागतो. तेवढ्या वेळात ती ओढलेली जागा दुसऱ्या इलेक्ट्रॉनला खेचते. अशा दोघांची जी जोडी जमते तिला कूपर जोडी म्हणतात. थंडीत या लाखो-करोडो जोड्या एका तालात चालू लागतात. एखाद्या अणूला आपटून एकट्या जोडीने ताल सोडायचा म्हटले तर त्याला जेवढी ऊर्जा लागते तेवढी त्या थंडीत उपलब्धच नसते. आपटणे संपले की रोध संपला.

या जोडीची एक अट स्पिनची आहे. इलेक्ट्रॉनला भार असतो तसाच स्पिन नावाचा गुण असतो, आणि त्यामुळे तो इवलेसे चुंबक असल्यासारखा वागतो. हे चुंबक मोजायला जावे तर दोनच दिशा देते, वर किंवा खाली. बीसीएस सिद्धांतातल्या जोडीत एकाचा स्पिन वर तर दुसऱ्याचा खाली असतो. बाहेरचे चुंबकत्व दोघांनाही एकाच दिशेला वळवू पाहते, म्हणून ते जोडी मोडणारे. या कारणाने लोह, निकेल यांसारख्या चुंबकीय मूलद्रव्यांचे आणि अतिसंवाहकतेचे जमत नाही, असे अभ्यासक धरून चालत.

हे धरून चालणे डळमळीत करण्यात मुंबईचा वाटा आहे. टाटा संस्थेतले आर. नागराजन, चंदन मजुमदार, एल. सी. गुप्ता, आर. विजयराघवन आणि त्यांचे सहकारी यांना यिट्रियम, निकेल, बोरॉन आणि कार्बन यांच्या संयुगात सुमारे १२ केल्विनला अतिसंवाहकता आढळली. १९९४ मध्ये तो निबंध प्रसिद्ध झाला. निकेल असूनही अतिसंवाहक! त्याच कुळातल्या अर्बियम आणि होल्मियम यांच्या संयुगांत तर चुंबकीय मांडणी आणि अतिसंवाहकता एकाच घरात नांदतात. त्यांचे आपसात कसे भागते, यावर जगभर कितीतरी संशोधकांनी पुढची वर्षे घालवली. कुलाब्याच्या समुद्रकाठी पदार्थ थंड करून त्यांना प्रश्न विचारण्याची परंपरा अशी जुनी आहे. बिस्मथची गोष्ट त्याच परंपरेतली.

*

बिस्मथ आपल्याला अनोळखी नाही. पोटातल्या अल्सरच्या काही औषधांत त्याचे क्षार असतात. फार कमी तापमानाला वितळणाऱ्या मिश्रधातूंत तो असतो; आग लागताच आपोआप पाणी फवारणाऱ्या यंत्रांत अशा मिश्रधातू वापरतात. भौतिकशास्त्रात तर त्याचा मान मोठा. धातूतल्या इलेक्ट्रॉनांचे वर्तन उलगडणारे अनेक परिणाम पहिल्यांदा बिस्मथमध्येच दिसले. १९३० मध्ये लायडेनलाच शुबनिकोव्ह, डी हास आणि व्हॅन आल्फेन यांनी बिस्मथच्या स्फटिकात चुंबकीय क्षेत्राबरोबर हेलकावणारे गुणधर्म टिपले, आणि आजही धातूंचा अभ्यास त्या पद्धतीने चालतो.

मूलद्रव्यांच्या तक्त्यात बिस्मथचा क्रमांक ८३. त्याच्या लगतचे ८२वे शिसे ७.२ केल्विनला अतिसंवाहक होते. बिस्मथही पातळ, अस्फटिकी थरात ६ केल्विनच्या आसपास अतिसंवाहक होतो, हे १९५४ पासून ठाऊक आहे. प्रचंड दाबाखालीही होतो. पण नेहमीच्या दाबाखालचा शुद्ध स्फटिक? तो १० मिलिकेल्विनपर्यंत, म्हणजे केल्विनच्या शंभराव्या हिश्शापर्यंत थंड करून पाहिला गेला होता, आणि काही दिसले नव्हते.

न दिसण्याला सबळ कारणही होते. तांब्यात दर अणूमागे साधारण एक मोकळा इलेक्ट्रॉन असतो. बिस्मथमध्ये एक लाख अणूंमागे एक. २०११च्या जनगणनेत अकोला शहराची लोकसंख्या सव्वाचार लाखांच्या घरात आणि अमरावतीची साडेसहा लाखांच्या घरात होती. माणसांच्या जागी अणू धरले तर अख्ख्या अकोल्यात चार इलेक्ट्रॉन आणि अमरावतीत सहा-सात. एवढ्या विरळ वस्तीत जोड्या जमणार कशा आणि त्या एका तालात येणार कशा? म्हणून बिस्मथच्या नावापुढे बहुतेकांनी मनातल्या मनात "नाही" लिहून टाकले होते.

टाटा संस्थेतले एस. रामकृष्णन, ओम प्रकाश, अनिल कुमार आणि ए. थमिळवेल यांनी हा "नाही" तपासायला घेतला. त्यासाठी १० मिलिकेल्विनच्याही बऱ्याच खाली उतरणे भाग होते. तिथे द्रव हेलियमचा साधा थंडावा कामाचा नाही. हेलियमच्या दोन समस्थानिकांच्या मिश्रणावर चालणारे शीतयंत्र काही मिलिकेल्विनपर्यंत पोचवते. त्याखाली नेते तो स्पिन. इलेक्ट्रॉनचा नव्हे, तांब्याच्या अणुकेंद्रांचा.

ही युक्ती समजायला उन्हाळ्यातला आपला कूलर पुरतो. कूलरच्या जाळीवरचे पाणी द्रवाची बांधलेली स्थिती सोडून वाफेच्या मोकळ्या स्थितीत जाते आणि त्यासाठी लागणारी उष्णता हवेतून काढून घेते. तांब्याच्या ठोकळ्याला आधी शक्य तितके थंड करतात आणि अतिसंवाहक चुंबकाने मोठे क्षेत्र लावतात. केंद्रांचे स्पिन बऱ्याच अंशी एका दिशेला वळतात. त्यातून निघणारी उष्णता शीतयंत्र वाहून नेते. मग ठोकळ्याचा शीतयंत्राशी असलेला संबंध तोडतात आणि क्षेत्र सावकाश उतरवतात. स्पिन पुन्हा अस्ताव्यस्त होऊ पाहतात आणि त्यासाठी लागणारी उष्णता तांब्यातून, तांब्याला जोडलेल्या नमुन्यातून खेचून घेतात. जाळीवरचे पाणी संपले की कूलर गार हवा देत नाही, तसेच स्पिनची ही पुंजी संपली की थंडावा संपतो. मोजमाप तेवढ्या अवधीत उरकावे लागते.

दुसरी अडचण पृथ्वीची. अतिसंवाहकता जितकी नाजूक तितके थोडे चुंबकत्व तिला मोडायला पुरते. त्यामुळे नमुन्याभोवती चुंबकीय ढाली उभारून पृथ्वीचे क्षेत्र बाहेर ठेवावे लागले. आत बिस्मथच्या अतिशुद्ध स्फटिकाचे चुंबकत्व स्क्विड नावाच्या उपकरणाने मोजले. स्क्विड स्वतः अतिसंवाहकाचे बनलेले असते आणि पृथ्वीच्या क्षेत्राचा अब्जावा भागही ओळखू शकते.

०.५३ मिलिकेल्विनला बिस्मथने चुंबकीय क्षेत्र बाहेर ढकलले.

हा निबंध डिसेंबर २०१६ मध्ये "सायन्स" साप्ताहिकाने आधी ऑनलाइन आणि मग जानेवारी २०१७च्या अंकात छापला. आकडे जरा आपल्या मापात आणून पाहू. ०.५३ मिलिकेल्विन म्हणजे केवल शून्याच्या वर केल्विनचा अर्धा सहस्रांश. अवकाशाच्या पोकळीचे तापमान २.७ केल्विन आहे. बिस्मथला त्याहून पाच हजार पट थंड व्हावे लागते. मायला घेऊन मी ज्या दुपारी अकोल्याच्या रस्त्याने चाललो होतो त्या दुपारच्या तापमानाचा सहा लाखावा भाग. आणि केवल शून्यापाशीसुद्धा ही अतिसंवाहकता मोडायला ५.२ मायक्रोटेस्लाचे क्षेत्र पुरेल असा त्यांचा अंदाज आहे. महाराष्ट्रात पृथ्वीचे क्षेत्र साधारण ४० मायक्रोटेस्ला असते. म्हणजे ढालीबाहेर, टेबलावर ठेवलेला बिस्मथ कितीही थंड केला तरी पृथ्वीच त्याला अतिसंवाहक होऊ देणार नाही.

"आजवर दिसले नाही" यात कोणाची चूक नव्हती, हे मला या आकड्यांवरून कळले. आधीच्या लोकांनी प्रामाणिकपणे मोजले आणि १० मिलिकेल्विनपर्यंत नाही असे प्रामाणिकपणे सांगितले. ऐकणाऱ्यांनी त्यातले "१० मिलिकेल्विनपर्यंत" गाळले. आमच्याकडे बोअर मारताना हे नेहमी घडते. दोनशे फुटांवर पाणी लागत नाही, गाडी निघून जाते, आणि गावात बोलले जाते की त्या वावरात पाणीच नाही. बोअरवाला फक्त दोनशे फुटांचे सांगून गेलेला असतो.

*

बिस्मथचा शोध केवळ एका नव्या नोंदीपुरता असता तर मी हा लेख लिहिला नसता. त्याने चाकोरीच्या त्या सुंदर चित्राला धक्का दिला आहे.

चाकोरीचे चित्र एका गोष्टीवर उभे आहे: गाडी चपळ आणि माती संथ. तांब्यात इलेक्ट्रॉनांच्या ऊर्जेचा आवाका अणूंच्या कंपनऊर्जेच्या दोनशे पटींहून मोठा असतो. शिशात तर सुमारे हजार पट. म्हणून इलेक्ट्रॉन केव्हाच निघून गेलेला असतो आणि चाकोरी उरलेली असते. बीसीएसचे गणित हा फरक गृहीत धरूनच सोडवलेले आहे. बिस्मथमध्ये इलेक्ट्रॉन इतके थोडे, की त्यांच्या ऊर्जेचा आवाका अणूंच्या कंपनऊर्जेच्या अवघा दोन-तीन पट भरतो. गाडी मातीच्याच गतीने चालली आहे. चाकोरी पडते न पडते तोच माती हलते. मागच्या गाडीला धरायला काही उरत नाही. अशा ठिकाणी जुने गणित लावताच येत नाही, असे त्या चौघांनी निबंधात स्पष्ट लिहिले आणि इलेक्ट्रॉन विरळ असलेल्या अशा पदार्थांसाठी नवा सिद्धांत हवा असे सांगितले.

मग जोड्या जमवतो कोण? या प्रश्नापाशी स्पिन पुन्हा येतो. बिस्मथचा अणू जड आहे. जड केंद्राजवळून वेगाने जाणाऱ्या इलेक्ट्रॉनला केंद्राचे विद्युत क्षेत्र काहीसे चुंबकीय क्षेत्रासारखे जाणवते, आणि त्याचा स्पिन त्याच्या गतीशी बांधला जातो. हलक्या मूलद्रव्यांत हे बंधन नगण्य असते, बिस्मथमध्ये फार बळकट. म्हणून बिस्मथच्या नव्या सिद्धांतात स्पिनला वगळून चालणार नाही, असे अनेक अभ्यासक मानतात.

हेच बंधन दुसऱ्या एका क्षेत्राचे भांडवल झाले आहे. आपल्या सगळ्या विद्युत उपकरणांत इलेक्ट्रॉनचा भार वाहून नेला जातो आणि त्याचा स्पिन वाया जातो. स्पिनलाच निरोप्या केले तर? १९८८ मध्ये फेर आणि ग्र्युनबर्ग यांना स्वतंत्रपणे दिसले, की चुंबकीय धातूंच्या पातळ थरांमधून जाणाऱ्या प्रवाहाचा रोध थरांच्या चुंबकत्वाची दिशा बदलताच मोठ्या प्रमाणात बदलतो, कारण एका स्पिनच्या इलेक्ट्रॉनांना वाट मिळते आणि दुसऱ्यांना अडवणूक होते. संगणकाच्या हार्ड डिस्कमधली माहिती या तत्त्वाने वाचली जाऊ लागली आणि दोघांना २००७चे नोबेल मिळाले. १९९० मध्ये सुप्रियो दत्त आणि विश्वजित दास यांनी स्पिन वळवून चालणाऱ्या ट्रान्झिस्टरची कल्पना मांडली. तिचा आधार हेच गती आणि स्पिन यांचे बंधन. बिस्मथ सेलेनाइड आणि बिस्मथ टेल्युराइड यांसारख्या संयुगांच्या पृष्ठभागावर तर इलेक्ट्रॉनची दिशा कळली की त्याचा स्पिन कळतो, इतके ते पक्के आहे.

अतिथंडीचे हे सगळे प्रयोग आपल्या रोजच्या जगापासून फार लांब आहेत असे वाटेल. त्यावर कुलाब्याचेच एक उदाहरण देतो. मंदार देशमुख यांनी कॉर्नेल विद्यापीठात असताना डॅनियल राल्फ यांच्याबरोबर एकेकट्या पुंजस्थितीचा गाळणीसारखा उपयोग करून चुंबकीय धातूतले इलेक्ट्रॉन स्पिननुसार वेगळे मोजले होते. पुढे टाटा संस्थेत त्यांच्या गटाने बिस्मथ, स्ट्रॉन्शियम, कॅल्शियम आणि तांबे यांच्या ऑक्साइडचे अतिपातळ थर एकमेकांवर किंचित वळवून ठेवले. या जोडणीतून एका दिशेने जितका अतिसंवाहक प्रवाह नेता येतो तितका उलट दिशेने नेता येत नाही. डायोडसारखे हे वागणे ७७ केल्विनपर्यंत टिकते, असे त्यांनी २०२४ मध्ये प्रसिद्ध केले. ७७ केल्विन म्हणजे द्रव नायट्रोजनचे तापमान. ते बघायला कुलाब्याला जावे लागत नाही. गावोगाव गाई-म्हशींचे कृत्रिम रेतन करणारे पशुवैद्यकीय कर्मचारी मोटारसायकलला बांधून जी धुरकट वाफ सोडणारी टाकी नेतात, तिच्यात द्रव नायट्रोजनच असतो.

*

न दिसलेले नसतेच असे नाही, हे म्हणणे धोक्याचेही आहे. त्याच्या आडोशाने कोणीही काहीही दावा करू शकतो. जुलै २०२३ मध्ये दक्षिण कोरियातल्या एका गटाने एलके-९९ नावाचा पदार्थ खोलीच्या तापमानालाच काय, उकळत्या पाण्यापेक्षा गरम असतानाही अतिसंवाहक राहतो असे जाहीर केले. चुंबकावर अर्धवट तरंगणाऱ्या एका तुकड्याची चित्रफीत मोबाइलवरून अमरावतीतही फिरली. माझ्याकडे येणारे मुलगे विचारू लागले, "काका, आता तुमचा धंदा बसणार काय?" जगातल्या अनेक प्रयोगशाळांनी तो पदार्थ बनवून तपासला, दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेनेही. कोणालाच अतिसंवाहकता आढळली नाही. रोधातली जी घसरण दिसली होती ती भेसळीत राहिलेल्या तांब्याच्या सल्फाइडची होती. शुद्ध स्फटिक तर वीजरोधक निघाला.

दोन्ही गोष्टी शेजारी ठेवल्या तर फरक स्वच्छ दिसतो. बिस्मथच्या वेळी प्रश्न उघडा ठेवला तो उत्तर शोधण्यासाठी, आणि पुरावा मिळेपर्यंत तोंड बंद ठेवले. पृथ्वीचे क्षेत्र बाहेर ठेवण्यापासून दोष शिरण्याच्या सगळ्या वाटा आधी बंद केल्या. शेवटी जो दावा केला त्याला तापमान होते, क्षेत्र होते, आणि हे आम्हाला समजावता येत नाही अशी कबुलीही होती.

मायची कंबर पुढेही दुखत राहिली. विटकरीचा शेक, तेल, कधी गोळी, असे चालते. त्या रिपोर्टबद्दल माझा राग नाही. जेवढे त्या यंत्राला दिसू शकत होते तेवढेच त्यात लिहिले होते, आणि ते खरे होते. गाळले मीच होते. डॉक्टरांनी "यात काही निघाले नाही" असे लिहिले, आणि मी मायला सांगितले, "तुला काही झाले नाही."

बिस्मथचे वाचून झाल्यावर एका संध्याकाळी मी तिला हे सगळे सांगायचा प्रयत्न केला. अकोल्याची चिमणी, मुंबईची थंडी, काळ्या मातीतली चाकोरी. तिने ऐकून घेतले आणि विचारले, "मंग त्याइले सापडलं?"

"सापडलं."

"किती खाली?"

मी आकडा सांगितला. तिला तो कळला नाही, मलाही तो पुरता कळलेला नाही. ती म्हणाली, "पाहाणारा पाह्यजे." मग पाठीमागे उशी सरकवून द्यायला सांगितले, आणि कुठे दुखते ते पहिल्यांदा मी नीट विचारून घेतले.